गडग्यापलीकडून आलेली माती

मी, श्रीमती सगुणा काशीराम गोताड, वय वर्षे एकाहत्तर, सातवी पास, अंगणवाडीची निवृत्त मदतनीस, राहणार मौजे काजरकोंड, वरची वाडी, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र कोणाच्याही धाकदपटशाशिवाय, स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉ. उमेर काझी यांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा स्वरूप याचे मत वेगळे आहे. जी बाई रोज सकाळी बटाट्याच्या साली हातात घेऊन निरखत बसते तिला डोके असेल हे त्याला पटत नाही. डॉक्टरांनी मला तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी सगळे केले आणि त्यांना विचारले की तुमच्या घरच्या अंड्याच्या टरफलांचे काय करता. फेकून देतो म्हणाले. तरी बुद्धीचा दाखला मलाच काढावा लागला.

मजकूर माझा, टंकलेखन वकील शमिका पाष्टे यांचे. त्यांनी बरीच वाक्ये कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक म्हणून काढायला सांगितली. ती सगळी ठेवली आहेत.

कलम १. घर

माझे राहते घर, जांभ्या चिऱ्यांचे, दोन खोल्या, पडवी आणि न्हाणी, हे माझे यजमान कै. काशीराम यांनी माझ्या नावे करून ठेवले. न मागता त्यांनी मला दिलेली ही एकच वस्तू. हे घर मी माझा एकुलता एक मुलगा स्वरूप यास देते. तो डोंबिवलीस असतो. गणपतीला आणि शिमग्याला येतो, आणि दर वेळी टेप घेऊन मागचे परडे मोजतो. परडे दर वेळी तेवढेच भरते. त्याला इथे होमस्टे काढायचा आहे. नावही ठरले आहे, 'सागर दर्शन'. समुद्र इथून दिसत नाही, बस बदलून जावे लागते. पाहुण्यांच्या गाड्या लावायला परड्यात पेव्हर ब्लॉक घालायचे म्हणजे चिखल होणार नाही, असे त्याने मला लहान मुलीला समजवावे तसे समजावले आहे. ज्याला तो चिखल म्हणतो त्याची हकीकत पुढे येईल. घर देते, पण त्याला अट आहे, ती कलम ७ मध्ये. स्वरूपने मधली कलमे गाळून थेट तिथे जाऊ नये. तो जाणार, हे मला माहीत आहे.

कलम २. जमीन

सासरे वारल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. थोरले दीर कै. केरू यांच्याकडे वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठचा भाताचा मळा गेला आणि आमच्याकडे सडा आला. सडा म्हणजे उघडा कातळ. पावसाळ्यात शेवाळ आणि उन्हाळ्यात पायाला चटके, एवढीच त्याची दोन पिके. वाटणी करणारे पंच म्हणाले, "काशीराम धाकला हाय, त्येला मोकली हवा बरी." हवेला कमी पडली नाही.

सातबाऱ्यावर त्या जागेपुढे 'पोटखराबा' असे लिहिले आहे, म्हणजे जिथे काही पिकत नाही अशी जागा. आज त्याच जागेत तवसी, पडवळ, अळू, हळद, केळी आणि एक शेवगा उभा आहे, कागद मात्र अजून पोटखराबाच म्हणतो. मी तो दुरुस्त करून घेतला नाही. कागदाला जे दिसत नाही ते कागदावरून कोणाला नेताही येत नाही, असा माझा समज आहे.

या जमिनीतला माझा हिस्सा मी स्वरूपलाच देते. पण मला जशी मिळाली तशी. कागदावर आहे तशी.

कलम ३. माती

वरील कातळावर आज जी माती आहे ती जमिनीसोबत जाणार नाही. ती माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे.

इथे शमिकाबाईंनी टंकणे थांबवले. "आजी, माती जमिनीतच धरतात. ती वेगळी देता येत नाही."

"मग डंपरवाले भरून नेतात ती कशी वेगळी होते?"

"त्यांच्याकडे परवाना असतो."

"मग बाय, लिही की आजीकडे पण आहे."

त्या हसल्या आणि टंकू लागल्या. कोर्टात हे टिकेल की नाही ते कोर्ट बघेल. माझ्या मुलाच्या डोक्यात टिकले तरी मला पुरे आहे.

तर ही माती आली कुठून. वाटणीनंतर दिरांनी दोन घरांच्या मध्ये गडगा घातला, म्हणजे दगडावर दगड रचलेली कोरडी भिंत, छातीभर उंच. पलीकडे त्यांचे स्वयंपाकघर, अलीकडे माझा कातळ. गडगा पुरा झाला त्याच संध्याकाळी माझी थोरली जाऊ, श्रीमती हौसा केरू गोताड, हिने कचऱ्याची पहिली पाटी गडग्यावरून माझ्या बाजूला ओतली. बांगड्यांची डोकी, कांद्याची साले, चहाचा चोथा आणि फणसाच्या साली. मी तिथे पापड वाळत घातले होते. मी ओरडले. पलीकडून आवाज आला, "कातलावर टाकलंय, कुनाच्या ताटात नाय! तितं काय पिकतंय?"

आता वाडीच्या रीतीप्रमाणे मी माझी पाटी तिच्या अंगणात ओतायची, मग तिने दोन ओतायच्या, आणि अशा रीतीने दोन्ही घरे सुखाने भांडत राहायची. पण तिचे ते "तितं काय पिकतंय" मला लागले. फार लागले. माझ्या नवऱ्याच्या तोंडावर कोणी बोलले असते तर तो हसून गप्प बसला असता, म्हणून ते मलाच लावून घ्यावे लागले. मी तो सगळा कचरा कातळातल्या एका खळग्यात लोटला. तळाला नारळाच्या काथ्याची सोडणे, त्यावर कचरा, वर रानातला पातेरा, म्हणजे झाडाखालचा सुका पाला, मग चुलीतली राख आणि शेणकाला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा ओतले. मी पुन्हा लोटले. तिला वाटले, हिची चांगली खोड मोडली.

ज्याला हे पुढे करायचे असेल त्याच्यासाठी लिहून ठेवते. ओले जेवढे, त्याच्या दुप्पट सुके. मासळीवर राख आणि पातेरा जाड द्यावा, नाहीतर कुत्री आणि मुंगूस उकरतात. तेलकट आणि खारट घालू नये. अधूनमधून फावड्याने वरखाली करावे, त्यालाही वारा लागतो. पावसाळ्यात वर नारळाच्या झावळ्यांचे झापे झाकावे, नाहीतर सगळा कस वाहून वहाळाला जातो. हे शेवटचे मी पहिल्याच पावसात शिकले. त्या वर्षी वहाळाकाठी थोरल्यांचे भात असे काही आले की गावभर कौतुक झाले. दिरांनी श्रेय बियाण्याला दिले.

पुढे खळगा उघडला तर आत काळी, भुसभुशीत, हाताला थंड लागणारी माती, आणि माशांचा वास म्हणून नाही. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. माझ्या उकिरड्याला एवढा दम निघाला नाही. मग शेजारचा खळगा भरला, मग त्याच्या शेजारचा, मग भोवती चिऱ्यांचे कडे रचून माती वर वर चढवली. स्वरूप ज्यावर टेप धरतो ते परडे हे असे झाले. ते देवाने केलेले नाही, सरकारने केलेले नाही, आणि काशीरामांनी तर नाहीच नाही.

कलम ४. तवशाचा खटला

त्या पहिल्या मातीत एक वेल आपोआप उगवला आणि भाद्रपदात त्याला तवसे धरले. तवसे म्हणजे आमच्याकडची पावसाळी काकडी, लहान मुलाच्या मांडीएवढी होते. मी बी लावली नव्हती. हौसा गडग्यावरून डोकावली. "बी माजी, त येल माजा. तवसा काडून दे."

"बी तुमची तर घाण पण तुमची," मी म्हटले. "ती पण घेऊन जा."

प्रकरण गावकीत गेले. देवळात बैठक बसली. हौसाने सांगितले की असल्या पट्ट्यांचे तवसे फक्त तिच्या माहेरी होते, तेव्हा बी तिच्याच विळीखालची. मी सांगितले की बी कातळावर टाकून बघा, किती तवसी येतात ती. दिरांनी उठून गडग्याची उंची सांगितली, ती कोणी विचारली नव्हती. आमचे यजमान खांबाला टेकून बसले आणि खांबासारखेच वागले. मग गावकीने पुरावा म्हणून तवसे मागवले, कापले, मीठ-मिरची लावली आणि पुरावा खाऊन टाकला. निकाल असा झाला की दोघींनी भांडू नये. तवसे कोणाचे, हे आजतागायत ठरलेले नाही.

त्या दिवसापासून हौसाने माझ्याशी बोलणे सोडले आणि मी तिच्याशी. कचरा मात्र तिने सोडला नाही. आमच्याकडे नळाला पाणी आले नाही असे दिवस पुष्कळ गेले, गडग्यावरून काही आले नाही असे दिवस मोजकेच.

कलम ५. अवजारे आणि किरकोळ

फावडे, घमेली आणि जुन्या लोखंडी खाटेच्या जाळीची चाळण ही हफीजा मुसा होडेकर हिला द्यावी. हफीजा खाडीवरून डोक्यावर टोपली घेऊन आमच्या वाडीत मासळी विकायला येते. पहिल्यांदा मी तिच्याकडे नुसती डोकी आणि शेपट्या मागितल्या तेव्हा म्हणाली, "लोका मासा नेतात नि तू कचरा मागतंस. येडी झालीस काय गो सगुणा?" मग जाऊन तिने स्वतःच्या परसात खड्डा केला. आता तिची मिरची माझ्यापेक्षा चांगली येते, आणि ती मला तसे दर वेळी सांगते.

सून नम्रता हिला तिची हिरवी बादली परत करावी. ही बादली तिने ऑनलाइन मागवली होती. हिला खाली नळ आहे आणि सोबत भुकटीची पुडी येते. नम्रताने तिच्या सोसायटीत कचऱ्यापासून खत या विषयावर भाषण केले, माझा फोटो पडद्यावर दाखवला, टाळ्या मिळवल्या, आणि पुढच्या आठवड्यात बादलीत अळ्या झाल्या म्हणून बादली माझ्या पडवीत आणून ठेवली. 'तुम्हाला उपयोग होईल आई.' झाला. मांजर तिच्यावर बसते.

सोन्याच्या कुड्या नात सानवी हिला. ती लहानपणी गांडूळ तळहातावर घेऊन आईला दाखवायला धावत गेली होती, आणि आई किंचाळली तेव्हा गांडुळालाच म्हणाली, घाबरू नको हां. या घराण्यात एवढ्या एका माणसाला ओल्या-सुक्यातले कळते.

पोस्टातले माझे पैसे क्रियाकर्माला वापरावे. उरतील ते स्वरूपने घ्यावे आणि टेप नवी आणावी.

कलम ६. हौसा

हे कलम अजिबात नको, असे शमिकाबाईंचे म्हणणे पडले. पण याच्याशिवाय सातव्याचा अर्थ लागणार नाही.

एका शब्दाची देवाणघेवाण नसताना मला तिच्या घरातले सगळे कळत आले. कोंबडीची हाडे आली की समजायचे, तिचा मुलगा ओमकार विरारहून आला. मक्याची दाणे खाल्लेली कणसे आली की नातवंडे आली. केरूभावोजींच्या आजारपणात मोसंबीच्या साली येत, मग त्याही थांबल्या आणि नुसती पेजेची खरवड येऊ लागली. ते गेले तेव्हा मी चार बायकांबरोबर पुढच्या दाराने जाऊन बसून आले. ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे. सुतकात गडग्यावरून काही आले नाही. सुतक फिटल्यावर एका सकाळी चहाचा चोथा पडला. एका माणसाच्या चहाचा, चिमूटभर. मी त्या चोथ्यापुढे उभी राहून रडले. हे वाक्य शमिकाबाईंनी काढायला सांगितले नाही.

यंदाच्या आषाढात एक दिवस गडग्यावरून काही पडले नाही. मी म्हटले, उपास असेल. पण उपासालाही रताळ्याची साले असतात. दुसऱ्या दिवशीही नाही. मला राग आला, की आता या वयात हिने कचराही बंद केला. दुपारी चिऱ्यावर चढून पलीकडे बघितले. मागचे दार सताड उघडे आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर तिचे पाय. मी एकाहत्तराव्या वर्षी गडगा कसा ओलांडला ते कोणी विचारू नये, मला आठवत नाही.

खुबा मोडला होता. ओठांची साले निघाली होती. मला बघून म्हणाली, "कचरा नाय पडला तवा आठवन झाली काय गो?"

"खड्डा उपाशी राह्यला माजा, वयनी," मी म्हटले.

तवशानंतरचे आमचे हे पहिले बोलणे. मग हफीजाच्या नवऱ्याने, मुसाने रिक्षा आणली, रत्नागिरीला नेले, ऑपरेशन झाले. ओमकार आला, वॉकर आणला, 'काकी, लक्ष ठेवा हां' म्हणाला आणि गेला. एवढी मोठी जबाबदारी त्याने किती सहज पेलली.

परत आल्यावर हौसाने पहिल्याच सकाळी वॉकरला धरून एका हाताने कचरा फेकून बघितला. तो गडग्यावर आपटून तिच्याच बाजूला पडला. दुसऱ्या सकाळीही तेच. पलीकडून नुसते धापा टाकणे ऐकू येई. ते माझ्याने ऐकवेना. मी पहार घेतली आणि गडग्याचे वरचे थर उतरवून तिच्या कमरेएवढी खिंड पाडली. हे मी तिच्यासाठी केले असे कोणी समजू नये. माझ्या खताची आवक बंद पडली होती. तिनेही आभार वगैरे मानले नाहीत. खिंडीतून वाकून बघितले आणि म्हणाली, "दगड तुज्या बाजूचे काडलेस ना? माजे नाय ना?"

कलम ७. मातीची व्यवस्था आणि स्वरूपसाठी अट

स्वरूप, ये. वाच.

परड्यातली अर्धी माती हौसाच्या चुलीतून आली आहे, सबब ती तिची. उरलेली अर्धीही मी तिलाच देते, कारण कुठली कोणाची हे गावकीला एका तवशात ठरवता आले नाही, मातीत काय ठरणार. हौसा ती उचलून नेऊ शकत नाही, म्हणून ती जिवंत असेतोवर माती आहे तिथेच राहील. तिच्यावर पेव्हर ब्लॉक, सिमेंट, गाडी किंवा 'सागर दर्शन'चा फलक येणार नाही. खिंड बुजवली जाणार नाही.

परड्यातले सगळे पीक हफीजाने न्यावे. घराची किल्ली तिच्याकडे राहील. याच्या बदल्यात तिने एकच करायचे. वाडीत येईल तेव्हा खिंडीखाली बघायचे, काय पडले आहे ते. पडले असेल तर पातेऱ्याखाली सारून आपल्या वाटेने जायचे. काही पडले नसेल तर पुढच्या दाराने जाऊन कडी वाजवायची. उपास असेल असे समजायचे नाही. रागावली असेल असे समजायचे नाही. मी दोन्ही समजून बसले होते आणि ती दोन दिवस न्हाणीच्या उंबऱ्यावर पडून होती. हफीजा यायची नसेल त्या दिवशी स्वरूपने डोंबिवलीहून हौसाला फोन करून एवढेच विचारायचे, 'काकी, आज भाजी काय केलीत?' तिला उत्तर द्यायला आवडणार नाही. ती देईल.

हौसाच्या पश्चात मातीचे काय करायचे ते सानवीने ठरवावे. स्वरूपने अट मोडल्यास घर त्याच्याकडून निघून काजरकोंडच्या गावकीला जाईल. ते घर कापतील, मीठ-मिरची लावतील आणि खाऊन टाकतील. पुरावा उपलब्ध आहे.

कलम ८. माझे

अस्थी रीतीप्रमाणे समुद्रात सोडाव्या. राख सगळी नेऊ नये. केळीला राख मानवते. चाळून घालावी, बुंध्यापासून थोडी लांब. तेराव्याला थर्माकोलच्या ताटल्या आणल्या तर मी उठून येईन. केळीच्या पानावर वाढावे, आणि उष्टे झाडून पाने खड्ड्यात. माझ्या फोटोचा हारही सुकला की तिथेच, पण दोरा काढून. लोकांनी माझ्याबद्दल चांगले बोलायचे ठरवले तर थोडक्यात बोलावे. ओल्याच्या दुप्पट सुके हा नियम तिथेही लागू आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतः वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले, आणि माझ्या घराच्या मागच्या पडवीत बसून, परड्याकडे तोंड करून खाली सही केली.

सही : सगुणा काशीराम गोताड

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या :

१. डॉ. उमेर काझी, रत्नागिरी. (अंड्याची टरफले पिशवीतून आणू लागले आहेत.)

२. ज्ञानेश्वरी रेवाळे, अंगणवाडी सेविका, काजरकोंड.

सहीनंतरची नोंद, माझ्या हाताने : सह्या चालू असताना खिंडीतून हौसाचा आवाज आला, "मी साक्षीदार का नाय?" शमिकाबाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. मग खिंडीतून हात आला आणि त्यात अर्धे तवसे. वेल माझ्याच बाजूचा, खिंडीतून तिच्याकडे गेलेला. पण हा कचरा नव्हता. सोललेले होते, मीठ लावलेले होते. "हा तुजा निम्मा," ती म्हणाली. दोन्ही साक्षीदारांनी हात पुढे केले. त्यांना दिले नाही. गावकीने एकदा खाल्ले तेवढे पुरे. तवसे कडू निघाले. मी सगळे खाल्ले.

स्थळ : काजरकोंड, ता. जि. रत्नागिरी
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५